परकीय भांडवलाची कागदपत्रं : बेळगावच्या टिळकवाडीतल्या सल्ला कार्यालयाची सेवा

उद्यमबागेतल्या फाउंड्रीत किंवा हायड्रॉलिक्सच्या कारखान्यात परदेशी भागीदार घ्यायचा, तर उत्पादन क्षेत्राला १०० टक्क्यांपर्यंत ऑटोमॅटिक मार्ग, म्हणजे सरकारच्या पूर्वपरवानगीशिवायचा मार्ग, मोकळा आहे. अडतं ते कागदांत, आणि तिथं या कार्यालयाचं काम खरंच पक्कं आहे.

पैसे येण्याआधीच ते बँकेला पर्पज कोड, म्हणजे रक्कम कशासाठी येतेय हे सांगणारा क्रमांक, लेखी कळवतात. हे फार मोलाचं. भागभांडवलाचा कोड पी०००६. तिथं निर्यातीच्या आगाऊ रकमेचा पी०१०३ पडला, की रक्कम आल्याचं बँकेचं प्रमाणपत्र बदलून घेण्यात आठवडे जातात. मुदती मात्र थांबत नाहीत : रक्कम आल्यापासून ६० दिवसांत शेअर वाटप, वाटपापासून ३० दिवसांत रिझर्व्ह बँकेच्या फर्म्स पोर्टलवर एफसी-जीपीआर, म्हणजे या शेअर वाटपाची माहिती देणारा फॉर्म. उशीर झाला की विलंब शुल्क.

पाठवणाऱ्याचं नाव केवायसीत, करारात आणि बँकेच्या प्रमाणपत्रात ते अक्षरन् अक्षर ताडून बघतात. एकीकडे 'लि.', दुसरीकडे 'लिमिटेड' एवढ्यावरही फॉर्म परत येऊ शकतो.

उणीव शेअरच्या मूल्यांकनाची. तो अहवाल बाहेरून येतो, त्याचे पैसे वेगळे, आणि हे आधी सांगत नाहीत. रास्त मूल्यापेक्षा कमी भावानं परदेशी भागीदाराला शेअर देता येत नाहीत, म्हणजे अहवाल टळत नाही. कोटेशनमध्येच लिहून घ्या. १५ जुलैपर्यंत भरायच्या एफएलए (परकीय देणी आणि मालमत्तेच्या वार्षिक) विवरणपत्राची आठवणही आपणच ठेवायची. कर्मचारी मराठीत नीट समजावतात, घाई करत नाहीत.

पाचपैकी चार तारे.