कोजागिरीच्या रात्री चुसोक : विश्रामबागेतील एका कोरियन खाद्यगृहाचा अनुभव

यंदा कोजागिरी पौर्णिमा सोमवारी, 6 ऑक्टोबर 2025 रोजी होती आणि कोरियाचा चुसोक हा सणही नेमका त्याच दिवशी आला होता. हा योग साधून सांगलीच्या विश्रामबाग भागातील एका छोट्या कोरियन खाद्यगृहाने संध्याकाळी सात ते साडेदहा असा कार्यक्रम ठेवला होता. माणशी साडेचारशे रुपयांत जेवण, खेळ, नाच आणि शेवटी गच्चीवर चंद्र पाहत मसाला दूध, असे त्याचे स्वरूप होते. मी, माझी अकरावीत शिकणारी भाची आणि माझ्या सासूबाई अशा तिघी गेलो होतो. भाचीला बीटीएस या कोरियन गायकगटातील सातही जणांचे वाढदिवस पाठ आहेत, सासूबाई पक्क्या शाकाहारी असून "चंद्र बघायला कोरियाचं निमित्त कशाला हवं?" असे म्हणतच त्या रिक्षात बसल्या. खाद्यगृहाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे कौतुकाइतकीच तक्रारही आहे आणि दुकान अजून वर्षाचेही झालेले नाही.

चुसोक हा कोरियन चांद्र पंचांगातील आठव्या महिन्याच्या पंधराव्या दिवशी, म्हणजे पौर्णिमेला येतो. चीनमधील मध्य शरद उत्सव याच पौर्णिमेचा. आपल्याप्रमाणेच त्यांच्याकडेही चांद्र आणि सौर वर्षांचा मेळ घालण्यासाठी अधिक महिना घेतात, मात्र तो दोन्हीकडे एकाच वर्षी पडेल असे नाही. यंदा त्यांच्याकडे सहावा महिना अधिक होता, आपल्याकडे अधिक मास नव्हता. त्यामुळे एरवी बहुधा आपल्या भाद्रपद पौर्णिमेच्या आसपास येणारा चुसोक या वर्षी कोजागिरीला येऊन भिडला. कार्यक्रमाच्या पत्रकावर यातले काहीही नव्हते. तेथे चुसोकचे वर्णन "कोरियाची दिवाळी" असे एका ओळीत उरकले होते आणि ते मला पटले नाही. या सणाच्या सकाळी कोरियन घरांत नव्या हंगामाचे अन्न पूर्वजांपुढे मांडतात, त्यांच्या थडग्यांवरचे वाढलेले गवत कापून तेथे नमस्कार करून येतात. आपल्याकडे याच्या जवळ काही असेल तर ते पितृपक्षाचे पान आणि नवान्न. दिवाळीचे नाव दिले की तिकिटे अधिक खपतात, हे मात्र मान्य करायला हवे.

सुरुवातीचा तास सोंगप्योन करण्यात गेला आणि या कार्यक्रमाचे पैसे तेथेच वसूल झाले, असे माझे मत आहे. सोंगप्योन म्हणजे तांदळाच्या पिठाची, आत गोड सारण भरलेली, अर्धचंद्राच्या आकाराची उकडलेली पारी. आपण मोदकासाठी पाणी उकळून त्यात पीठ घालून उकड काढतो; येथे भिजवून दळलेल्या तांदळाच्या पिठावर उकळते पाणी ओतून ते तसेच मळतात, त्यामुळे पारी उकडायला मोदकापेक्षा जास्त वेळ लागतो आणि खाताना किंचित चिवट लागते. येथे पीठ इंद्रायणी तांदळाचे होते, ही निवड अचूक म्हणावी लागेल, कारण त्या तांदळाला मुळातच चिकटपणा असतो. सारणे तीन होती : भाजलेले तीळ आणि साखर, लाल चवळीचे गोड पुरण, आणि भिजवलेल्या मुगाच्या डाळीचे. मालकीणबाई स्वतः टेबलांमधून फिरत प्रत्येकीचा गोळा हातात घेऊन पारी कुठे जाड राहिली ते दाखवत होत्या. सासूबाईंनी मात्र कोणाची वाट न पाहता अर्धचंद्राच्या कडेला करंजीसारखी मुरड घातली. कोरियात कड साधी दाबून मिटवतात. परंतु मोदकपात्रातून काढल्यावर आमच्या टेबलावरच्या सात-आठ पाऱ्या फुटलेल्या होत्या आणि मुरड घातलेली एकही फुटली नव्हती.

सोंगप्योन या शब्दातील 'सोंग' म्हणजे देवदार-चीड वर्गातील सूचिपर्णी झाड. कोरियात या पाऱ्या त्याच्या सुयांसारख्या पानांच्या थरावर उकडतात, त्यामुळे त्यांना तो वास लागतो आणि त्या एकमेकींना चिकटत नाहीत. सांगलीत ही पाने कोठून आणणार? खाद्यगृहाने त्याऐवजी हळदीची ताजी पाने अंथरली होती. ऑक्टोबरात आपल्या भागातील हळदीचे मळे हिरवेगार असतात आणि कोकणात पातोळ्या याच पानांत उकडतात, तेव्हा हा बदल अगदी घरचा होता. झाकण उघडल्यावर आलेली वाफ अजून माझ्या नाकात आहे. बाहेर काढलेल्या पाऱ्या थंड पाण्यातून काढून त्यांना भाजलेल्या तिळाचे गडद तेल चोळले गेले. हे तेल आपल्या नेहमीच्या तिळाच्या तेलाहून वेगळे असते. त्याला खरपूस वास असतो आणि ते दोन थेंबांच्या वर गेले की इतर कशाचीच चव लागत नाही. येथे प्रमाण बरोबर होते.

एवढे नेटके काम करणाऱ्या स्वयंपाकघराने जेवणात केलेली चूक म्हणूनच अधिक खटकली. आम्ही आत शिरतानाच विचारले होते आणि वाढणाऱ्या मुलाने "सगळं व्हेज आहे" असे ठामपणे सांगितले होते. ताटात काकडी, गाजर आणि पिवळा मुरवलेला मुळा घातलेले गिमबाप, म्हणजे समुद्री शेवाळाच्या पानात गुंडाळलेला भात होता, रताळ्याच्या पारदर्शक शेवया होत्या, टोकबोकी, म्हणजे तिखट रश्शातले तांदळाचे तुकडे होते आणि वाटीत किमची, म्हणजे कोबीचे मुरवलेले तिखट लोणचे होते. भाचीने काउंटरवर ठेवलेली किमचीची बरणी सहज हातात घेतली आणि परत येऊन हळूच म्हणाली, "मावशी, आजींना खाऊ देऊ नकोस. यात फिश सॉस लिहिलंय." मी बरणी पाहिली तर किमतीची चिकटपट्टी नेमकी तपकिरी चौकोनातील त्रिकोणावर, म्हणजे मांसाहाराच्या खुणेवर लावलेली होती. पारंपरिक किमचीत माशाचा सॉस किंवा खारवलेली बारीक कोळंबी असते, आणि टोकबोकीच्या रश्शासाठी वाळवलेल्या छोट्या माशांचे पाणी वापरण्याची रीत आहे, ही कोरियन स्वयंपाकातील अगदी प्राथमिक माहिती आहे. टोकबोकी साध्या पाण्यात केली होती असे चौकशीअंती समजले. किमची मात्र बाहेरून आणलेली होती. सासूबाईंनी तोपर्यंत तोंडात घास घातला नव्हता म्हणून निभावले. मालकीणबाईंनी क्षमा मागितली, वाटी उचलली, परंतु शेजारच्या टेबलांना सांगण्याची वेळ आली तेव्हा त्या घुटमळल्या. मी दोनदा म्हटल्यावर त्यांनी ते जाहीर केले. कोजागिरीच्या दिवशी, अर्धे पाहुणे शाकाहारी असताना, हा प्रकार नजरचुकीचा म्हणून सोडून देता येत नाही. शाकाहारी किमची करणे अवघडही नाही. कोबी, मुळा, आले, लसूण, तिखट आणि मीठ एवढ्यावर ती उत्तम मुरते.

टोकबोकीबद्दल थोडक्यात : तांदळाचे लांबट तुकडे चांगले मऊ होते, पण रस्सा गोड होता. त्यात गोचुजांग, म्हणजे मिरची, चिकट तांदूळ आणि आंबवलेले सोयाबीन यांची मुरवलेली चटणी असायला हवी. ती असेलही, पण वरून घातलेल्या टोमॅटो सॉसखाली हरवली होती. सांगलीकराला तिखटाची भीती कोणी घातली, हे समजले नाही.

दर्शनी भागातल्या विक्रीच्या कपाटाविषयी माझ्यापेक्षा भाचीचे मत ग्राह्य धरावे. तेथे बीटीएस आणि ब्लॅकपिंक या कोरियन मुलींच्या गायकगटाची फोटोकार्डे, चाव्यांचे गोंडे आणि लाइटस्टिक, म्हणजे मैफलीत हातात धरायचे दिवे, मांडलेले होते. फोटोकार्ड म्हणजे अल्बमच्या पाकिटात येणारे, साधारण एटीएम कार्डाएवढे छायाचित्र. पाकिटात कोणाचे कार्ड निघेल ते फोडल्याशिवाय कळत नाही आणि म्हणूनच मुली ती आपसात बदलतात, जपतात, प्लास्टिकच्या पाकिटात घालून दप्तराला लावतात. येथे सातही जणांचा संच शंभर रुपयांना 'ओरिजिनल' म्हणून विकायला होता. भाचीने विक्रेत्याला शांतपणे विचारले, "सातही एकत्र मिळतातच कसे?" त्याच्याकडे उत्तर नव्हते. कार्डांची मागची बाजू कोरी होती आणि कडा हाताने कापल्यासारख्या वेड्यावाकड्या होत्या. लाइटस्टिकचेही तेच. खरी लाइटस्टिक मैफलीच्या ठिकाणी ब्लूटूथने जोडली जाते आणि हजारो प्रेक्षकांच्या हातातील दिव्यांचे रंग एकाच ठिकाणाहून गाण्याबरोबर बदलले जातात. येथील बाराशे रुपयांची वस्तू बटण दाबल्यावर तीन रंग दाखवून थांबत होती. नक्कल म्हणून स्वस्तात विकायला माझी हरकत नाही. शाळकरी मुलींच्या साठवलेल्या पैशांवर 'ओरिजिनल'ची चिठ्ठी लावणे मला मान्य नाही.

सजावटीतही असाच सैलपणा होता. एका भिंतीवर जपानी कागदी कंदील, दुसरीवर ॲनिमेची, म्हणजे जपानी कार्टूनपटांची, चित्रे, काउंटरवर चिनी मूनकेक आणि या सगळ्यांवर मिळून 'कोरियन उत्सव' अशी पाटी. बेळगावचा कुंदा, सुरतेची घारी आणि साताऱ्याचे कंदी पेढे एका ताटात मांडून कोणी त्यांना 'महाराष्ट्रीय मिठाई' म्हटले तर आपल्याला काय वाटेल, एवढाच विचार येथे पुरेसा होता. गंमत अशी की या सर्व देशांना खरोखर जोडणारी एक गोष्ट त्यांच्या हाताशी होती. चंद्रावर ससा दिसतो, असे तिन्ही देशांत मानतात. कोरियात आणि जपानात तो उखळात तांदळाची पोळी कुटत असतो, चीनमध्ये औषधी कुटतो. आपण तर चंद्राला शशांकच म्हणतो. त्या सशाचे एकही चित्र भिंतीवर नव्हते.

हानबोक हा पारंपरिक कोरियन पोशाख भाड्याने घालून छायाचित्र काढण्याची सोय दीडशे रुपयांत होती. कपडे स्वच्छ होते, रांग मात्र पाऊण तासाची होती, म्हणून आम्ही तो नाद सोडला. चार काठ्या टाकून सोंगट्या पुढे सरकवण्याचा युतनोरी हा खेळ मांडला होता. सारीपाट खेळलेल्या माणसाला तो दोन मिनिटांत समजतो.

साडेआठनंतर अंगणात मुलींचा नाच सुरू झाला. गाण्यांचे तुकडे कसल्याही क्रमाशिवाय वाजत राहतात, ज्यांना त्या तुकड्याच्या हालचाली येतात त्या धावत मध्यभागी येतात आणि गाणे बदलताच बाजूला होतात, असा तो प्रकार आहे. सांगली, मिरज, तासगाव येथून आलेल्या तीस-चाळीस मुली एकमेकींची नावेही न विचारता एकाच क्षणी तोच हात उचलताना पाहणे मला अपेक्षेपेक्षा फार आवडले. ध्वनिक्षेपक मात्र कर्कश होता आणि अंगण त्याला लहान होते. दहाच्या ठोक्याला तो नियमाप्रमाणे बंद झाला आणि त्यानंतर जे झाले ते पत्रकात नव्हते.

शेवटचा कार्यक्रम गांगगांग सुल्ले या नाचाची चित्रफीत दाखवण्याचा होता. कोरियाच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरील बायका चुसोकच्या चांदण्यात हात धरून फेर धरतात, एक जण ओळ गाते, बाकीच्या 'गांगगांग सुल्ले' एवढेच पालुपद म्हणतात. लय विलंबित सुरू होते आणि पुढे द्रुत होत जाते. युनेस्कोने 2009 मध्ये या नाचाची नोंद मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत केली आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस जपानी आक्रमणाच्या वेळी सैन्य मोठे भासावे म्हणून नौसेनापती यी सुन-शिन यांनी बायकांना डोंगरावर असा फेर धरायला सांगितले, अशी आख्यायिका सांगतात. आवाज बंद झाल्यावर मालकीणबाईंनी चित्रफीत गुंडाळली आणि स्वतःच ओळ धरली. त्यांचा आवाज लागेना. तेव्हा सासूबाई खुर्चीवरून उठल्या आणि म्हणाल्या, "अगं, हा तर हादगा आहे. मधे काहीतरी ठेवा." मधे पाट आला, पाटावर हत्तीच्या चित्राऐवजी फुलांची परडी आली. सासूबाई आणि आणखी दोन आजी हादग्याच्या ओळी म्हणत होत्या आणि मघाशी नाचलेल्या मुली प्रत्येक ओळीनंतर 'गांगगांग सुल्ले' म्हणत फेर धरत होत्या. चौथ्या-पाचव्या गाण्याला लय वाढली आणि दोन मुलींच्या चपला अंगणाच्या कडेला उडाल्या.

फेर संपल्यावर खिरापत ओळखण्याची पाळी आली आणि येथेही दोन देशांची सोय एकच निघाली. सोंगप्योन बाहेरून सगळ्या सारख्याच दिसतात, कोणत्या पारीत कोणते सारण आहे ते चावल्याशिवाय कळत नाही, आणि कोरियन मुलांना म्हणे तिळसाखरेची हवी असते, डाळीची नको असते. आमच्याकडेही तसेच झाले. भाचीला सलग तीन वेळा मूगच आला. मसाला दूध मात्र पाणचट होते आणि कागदी पेल्यातून मिळाले.

जाणाऱ्यांनी सोंगप्योन अवश्य खावी, ती आता आठवड्यातून दोन दिवस आगाऊ सांगितल्यास मिळते. किमची विचारल्याशिवाय घेऊ नये आणि विक्रीच्या कपाटाकडे पाहूच नये. निघताना मालकीणबाईंनी पुढच्या वर्षीही या म्हणून सांगितले. पुढच्या वर्षी चुसोक 25 सप्टेंबरला, म्हणजे अनंत चतुर्दशीला येतो आणि त्या रात्री मिरजेतली एकही मुलगी विसर्जनाची मिरवणूक सोडून येथे येणार नाही, हे मी त्यांच्या लक्षात आणून दिले. त्यांनी लगेच मोबाइलवर तारीख पाहिली आणि "मग आदल्या दिवशी ठेवू" असे म्हटले. सासूबाई चपला घालता घालता म्हणाल्या, "ठेवा. पण त्या बरणीवरची पट्टी आज रात्रीच काढा."