नवी पेठेतले तयार कुर्ते: फलकावरची बाई आणि टॅगवरचं माप

सोलापुरात रोजच्या वापराचा कुर्ता घ्यायचा तर पावलं नवी पेठेकडेच वळतात. माल भरपूर, भाव वाजवी, रंगांना तोटा नाही. पाचशे ते दीड हजारांत कॉटन आणि रेयॉनचे टिकाऊ कुर्ते मिळतात आणि शिलाईही बऱ्यापैकी सरळ असते. या खरेदीतला मोठा दोष एकच, आणि त्याची सुरुवात दारावरच्या फलकापासून होते. फलकावर जी बाई उभी आहे तिच्या अंगावरून हा कपडा बेतलेला असतो. जरा भरलेल्या अंगाला तो नीट बसत नाही, आणि चूक मात्र अंगाची ठरते. म्हणून हे परीक्षण कुठल्या एका दुकानाचं नाही. नवी पेठ, चाटी गल्ली आणि सात रस्त्याकडच्या शोरूममध्ये मिळणाऱ्या या मालाचं आणि तो विकण्याच्या पद्धतीचं आहे.

फलकावरचे फोटो बहुतेक वेळा दुकानदाराने काढलेले नसतात. सुरत, जयपूर, अहमदाबादच्या पुरवठादारांच्या कॅटलॉगमधून येतात आणि फ्लेक्सवर मोठे होऊन दारावर लागतात. अशा फोटोंसाठी उंच, सडपातळ मॉडेल घेतली जाते. मोठ्या ब्रँडच्या फोटोंत ५ फूट ८-९ इंच ही नेहमीची उंची. २००६ साली माद्रिदच्या फॅशन वीकने १८ पेक्षा कमी बीएमआयच्या (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) मॉडेलना रॅम्पवर येऊ दिलं नाही, तेव्हा एवढ्या खालच्या मर्यादेतही काहीजणी बसल्या नव्हत्या. १७५ सेंटिमीटर उंचीला १८ बीएमआय म्हणजे ५५ किलो. तीच ठेवण ५ फुटी बाईच्या अंगावर आणायची तर वजन सुमारे ४२ किलो हवं. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांचा १८.५ च्या खालचा बीएमआय कमी वजनात धरते. फलकासमोर थांबणाऱ्या कॉलेजच्या मुलींना हे गणित कुणी सांगत नाही, म्हणून इथे आकड्यांत मांडलं.

बरं, त्या मॉडेललाही कुर्ता जसाच्या तसा बसलेला नसतो. पाठीमागून क्लिपा लावून जादा कापड ओढून घेतलेलं असतं. समोरून कमरेत दिसणारी ती सुबक वळणदार रेष क्लिपांची असते, बेताची म्हणजे कापणीची नव्हे. नंतर संगणकावर कंबर आणि दंड आणखी बारीक करतात. हे ओळखायची एक साधी खूण आहे. कापड उभ्या रेषांचं किंवा चौकड्यांचं असेल तर कमरेजवळच्या रेषा पाहा, आणि मॉडेलच्या मागे दाराची चौकट किंवा खांब असेल तर त्याची कड पाहा. सरळ असायला हवी ती कड अंगाजवळ येऊन वाकली असेल तर फोटोत शरीर दाबलेलं आहे. लांबीचंही तसंच. ४६ इंचांचा कुर्ता उंच मॉडेलच्या पोटरीवर येतो, पाच फुटी बाईच्या घोट्याच्या जरा वरपर्यंत जातो. फोटोतली लांबी हवी असेल तर आपल्याला ४० ते ४१ इंच पुरतात.

काचेमागचे फायबरचे पुतळे हा त्याचाच पुढचा भाग. छाती ३२-३४, कंबर २४-२५, उंची मॉडेलइतकीच. त्यांच्यावर एम मापाचा कुर्ता चढवला तरी सैल होतो, म्हणून पाठीला टाचण्या मारतात. पुतळा आवडला तर एकदा मागे जाऊन बघा. टाचणीने किती कापड आत घेतलंय ते दिसलं की कुर्त्याचा खरा घेर कळतो. काही दुकानांनी आता ४२ छातीचा धड-पुतळा एखाददुसरा ठेवला आहे. ती दुकानं लक्षात ठेवण्यासारखी आहेत. एक्सएल कसा पडतो ते तिथे कुर्ता न घालताही समजतं.

खरी गोम मात्र ग्रेडिंगमध्ये, म्हणजे एका नमुन्यावरून बाकीची मापं काढण्यात आहे, आणि ती गिऱ्हाइकाला दिसत नाही. कारखान्यात नमुना एस किंवा एम मापात बनतो, कारण तो त्या मॉडेलवर घालून बघायचा असतो. तो पटला की बाकीची मापं कागदावर वाढवतात. दर मापाला छाती २ इंच, शोल्डर अर्धा इंच, दंडघेर अर्धा इंच, असा सरसकट हिशेब असतो. एमच्या कुर्त्याची छाती ३८ आणि दंडघेर १३ धरा. तीन मापं वर गेलं की डबल एक्सएलला छाती ४४, शोल्डर दीड इंचाने मोठा, आणि दंडघेर साडेचौदा. आता बाईचं अंग पाहू. वजन वाढतं तेव्हा खांद्याचं हाड रुंद होत नाही; दंड, छातीचा पुढचा भाग आणि पोट भरतं. ४४ चा कुर्ता ज्यांना घालायचा आहे त्यांची अंगाची छाती ४१ च्या आसपास असते आणि दंड १४ ते साडेचौदा असू शकतो. म्हणजे बाहीत हवा खेळायलाही जागा नाही, आणि शोल्डर मात्र खांद्यावरून खाली उतरलेला. हात वर केला की मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो गोल भाग, ओढला जातो, पुढचा घेर उचलला जातो, नितंबाजवळ साइड कट फाकतो. आरशात हे दिसलं की वाटतं, ‘मलाच काही शोभत नाही.’ शोभत नाही तो बेत. दंडघेर दर मापाला पाऊण ते एक इंच वाढवला, शोल्डर पावच इंच वाढवला, मोठ्या मापांत पुढची लांबी मागच्यापेक्षा पाऊण इंच जास्त ठेवली, तर हेच कापड त्याच बाईला नीट बसतं. कापड थोडं जास्त लागतं, एवढाच काय तो खर्च.

परदेशात काही ठिकाणी फोटोवरच कायदा आला. इस्रायलमध्ये २०१३ पासून मॉडेलला किमान १८.५ बीएमआयचं वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं. फ्रान्समध्ये २०१७ पासून मॉडेलच्या तब्येतीचं प्रमाणपत्र लागतं, आणि शरीर बारीक किंवा जाड केलेल्या जाहिरातीच्या फोटोवर तसं लिहावं लागतं. न लिहिल्यास दंड ३७,५०० युरो. नॉर्वेनेही २०२२ पासून अशी खूण सक्तीची केली. आपल्याकडे मॉडेलच्या वजनाचा किंवा सुधारलेल्या फोटोवर खूण करण्याचा असा कायदा नाही. पण कपड्याच्या टॅगवर आहे. वैधमापनाच्या, म्हणजे वजन-मापांच्या, नियमांत २०२२ साली दुरुस्ती झाली. सुट्या विकल्या जाणाऱ्या तयार कपड्यावर एम, एल, एक्सएल या अक्षरांबरोबर सेंटिमीटर किंवा मीटरमधलं माप द्यावं लागतं. नवी पेठेत टॅग उलटून पाहा. ब्रँडेड मालावर हे माप बहुधा असतं. सुट्या मालावर नुसतं ‘एक्सएल’ किंवा ‘फ्री साइज’. फ्री साइज कुणाच्याच मापाचा नसतो, आणि तो विकत घेऊ नये असं आमचं स्पष्ट मत आहे.

अक्षरांवर विसंबायचं नाही, तर टेप लागतो. घरी आपल्याला सगळ्यात आरामात बसणारा कुर्ता पलंगावर सपाट पसरा. एका काखेच्या शिवणीपासून दुसऱ्या काखेपर्यंत मोजा आणि दुप्पट करा: ही कुर्त्याची छाती. काखेखाली एक इंचावर बाही आडवी मोजून दुप्पट करा: हा दंडघेर. साइड कट सुरू होतो तिथली रुंदी दुप्पट करा: हा नितंबाचा घेर. तिन्ही आकडे मोबाइलमध्ये लिहून ठेवा आणि दुकानात नवा कुर्ता काउंटरवर पसरून तसाच मोजा. सुती कापडाला अंगापेक्षा छातीत ३ ते ४ इंच, दंडात किमान दीड-दोन इंच आणि नितंबाला ४ इंच सैल हवं. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये याहून कमी सैल चालतच नाही. घाम आला की कापड चिकटतं आणि काखेची शिवण उसवते. टॅगवर ४२ असेल तर तो आकडा अंगाचा की कपड्याचा, हे विचारा. या मालावर तो बहुधा कपड्याचा असतो, म्हणजे अंग ३८-३९.

पहिल्या धुण्याचाही हिशेब धरा. रेयॉन ३ ते ५ टक्के आटतं. ४० इंच छातीतून सव्वा ते दोन इंच गेले की दुकानात बरोबर बसलेला कुर्ता आठवड्यात काचतो. पुष्कळजणी तिथे स्वतःचं वजन वाढलं असं समजतात आणि जेवण कमी करतात. कपडा आधी मोजा.

मायेच्या, म्हणजे शिवणीत राखलेल्या जादा कापडाच्या, बाबतीत मात्र हा माल सपशेल नापास. बाजूची शिवण उलटून बघा: ओव्हरलॉकला लागून जेमतेम पाव इंच कापड. चारही कडांना एकेक इंच माया असती तर प्रत्येकी अर्धा इंच सोडून कुर्ता २ इंचांनी सैल करता आला असता. याचं वाईट जास्त वाटतं, कारण हे गणवेशांचं शहर आहे. मूल वाढणार हे धरून पँटच्या पायाला आणि स्कर्टच्या घेराला दुमड ठेवणारे कारागीर अशोक चौकाच्या बाजूला गल्लोगल्ली आहेत. मुलाच्या वाढत्या अंगाला जी मुभा मिळते ती त्याच्या आईच्या कुर्त्याला मिळायला हवी. माया नसलेला कुर्ता काखेत घट्ट होत असेल तर एक उपाय उरतो: काखेत चौबगला, म्हणजे अडीच-तीन इंचांचा चौकोनी तुकडा तिरका बसवायचा. कापड ओढणीच्या किंवा खालच्या दुमडीच्या तुकड्यातून निघतं आणि हात खाली असताना तो दिसत नाही.

ट्रायल रूममध्ये डोक्यावर एकच दिवा असतो. वरून पडणाऱ्या उजेडात पोटाखाली आणि दंडाखाली सावल्या गडद होतात आणि अंग आहे त्याहून जड दिसतं. आरशाच्या दोन्ही बाजूंना उभ्या ट्यूब लावल्या तर सावल्या जातात. ज्या शोरूमनी हे केलंय तिथे फरक लगेच जाणवतो. कपडा घालून नुसतं उभं राहू नका. हात वर करा, पुढे वाका, स्टुलावर बसा.

विक्रेत्या मुली कामाला तरबेज आहेत. मराठी, कन्नड, तेलुगू, समोरची जे बोलेल त्या भाषेत ‘ताई’, ‘अक्का’ म्हणत आपुलकीने दाखवतात. पण ‘हेल्दी साइज वरच्या मजल्यावर’, ‘काळा घ्या, बारीक दिसाल’, ‘तुमच्या तब्येतीला हे नाही होणार’ ही वाक्यं त्यांच्या तोंडी बसवलेली आहेत. दहावीतली मुलगी आईसोबत येते आणि हे ऐकून जाते. मालकांनी ही वाक्यं बंद करावीत. ‘छाती किती, दंड किती?’ एवढं विचारलं की काम भागतं.

मालकांसाठी आणखी एक. माल सेटमध्ये येतो, एका रंगात एम ते डबल एक्सएल एकेक नग. मोठी मापं आधी संपतात आणि एम मागे राहतात. पुरवठादाराकडे मोठ्या मापांचे जादा नग आणि दंडघेराचा तक्ता मागा. मोठी ऑर्डर असेल तर तो देतो. गिऱ्हाइकांनी गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, गर्दीत, जानेवारीच्या मध्यावर, कुर्ते घ्यायला जाऊ नये. तेव्हा ट्रायल मिळत नाही आणि पसरून मोजायला काउंटरही मोकळा नसतो. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, आठवड्याच्या मधल्या दिवशी, दुपारी जा. नवा माल लागलेला असतो आणि सगळी मापं शिल्लक असतात.