नाशिकमध्ये पहिलीचा प्रवेश: मनपा, अनुदानित, स्वयंअर्थसहाय्यित की आरटीई?

शाळा निवडताना बहुतेक घरांत आधी माध्यम आणि फी पाहिली जाते. आमच्या मते पहिला प्रश्न वेगळा असावा: या शाळेत वर्ग किती आणि शिक्षक किती?

मनपाच्या शाळांपासून सुरुवात करू. मराठी, हिंदी आणि उर्दू माध्यमाच्या या शाळांत आठवीपर्यंत फी नाही, पुस्तके मोफत. दुपारच्या आहारात पहिली ते पाचवीसाठी रोज 100 ग्रॅम आणि सहावी ते आठवीसाठी 150 ग्रॅम धान्य धरलेले असते. स्मार्ट स्कूल योजनेतून बऱ्याच वर्गांत डिजिटल फलक आले आहेत. अडचण शिक्षकांची आहे, आणि ती पटाशी बांधलेली आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टानुसार पहिली ते पाचवीत 60 मुलांपर्यंत दोनच शिक्षक, 61 ते 90 ला तीन, 91 ते 120 ला चार. म्हणजे 55 पट असलेल्या शाळेत पाच इयत्ता दोघांनी सांभाळायच्या. त्यातले एक गुरुजी बीएलओच्या (मतदार यादीच्या) कामावर किंवा सर्वेक्षणाला गेले की उरलेल्या बाई पाचही वर्ग एकत्र बसवतात. हे पाहून पालक मुले काढतात, पट आणखी घसरतो, पुढच्या संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदे ठरवताना, पद अतिरिक्त ठरते आणि शिक्षकांचे समायोजन दुसरीकडे होते. 15 मार्च 2024 च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे निकष आणखी कडक केले. शेवटी शाळा जवळच्या शाळेत विलीन होते आणि सातपूर-अंबडच्या कामगार वस्तीतल्या सहा वर्षांच्या पोराला मोठा रस्ता ओलांडून जावे लागते.

म्हणून मनपाची शाळा सरसकट चांगली किंवा वाईट ठरवू नये. पट 150 च्या वर असेल तर कायद्याने पाच शिक्षक आणि स्वतंत्र मुख्याध्यापक अपेक्षित आहेत. अशी शाळा गल्लीतल्या स्वस्त ‘इंग्लिश मीडियम’पेक्षा आम्ही निःसंकोच वर ठेवू. शिक्षक डीएड झालेले असतात आणि अर्ध्या वर्षात नोकरी सोडून जात नाहीत. 60 च्या खाली पट असेल तर मात्र विचार करा. मनपाच्या माध्यमिक शाळा मोजक्याच असल्याने सातवी-आठवीनंतर मूल कुठे जाणार, हेही आजच विचारून ठेवा.

अनुदानित शाळा ही नाशिकची जुनी ताकद. मविप्र म्हणजे मराठा विद्या प्रसारक (1914), गोखले एज्युकेशन सोसायटी (1918) अशा संस्थांनी हे जाळे उभे केले. दहावीपर्यंत सलग एकच शाळा, हा इथला सगळ्यात मोठा फायदा. पगार सरकार देते. इमारत, वीज, प्रयोगशाळा यांसाठीचे वेतनेतर अनुदान तुटपुंजे असते, म्हणून ‘विकासनिधी’, ‘संगणक फी’ अशा पावत्या फाडल्या जातात. रिक्त पदे शासनाच्या शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलमधून भरायची, त्यात वर्षे जातात, आणि तोवर तासिका तत्त्वावरचे शिक्षक. खरी मेख वेगळीच आहे: एकाच संस्थेच्या आवारात, एकाच गणवेशात अनुदानित आणि स्वयंअर्थसहाय्यित (सरकारी अनुदान नसलेल्या, फीवर चालणाऱ्या) तुकड्या शेजारी-शेजारी चालतात. प्रवेश अर्जावर सही करण्याआधी ‘ही तुकडी अनुदानित आहे का’ हे स्पष्ट विचारा. सेमी-इंग्रजीच्या तुकडीत तर हमखास.

स्वयंअर्थसहाय्यित शाळांबद्दल थोडक्यात. इंदिरानगर, गंगापूर रोड, पाथर्डी फाटा इथे पर्याय भरपूर आहेत. शुल्क विनियमन कायद्यानुसार फी दर वर्षी वाढवता येत नाही, दोन वर्षांतून एकदाच वाढवता येते. पण पालकांच्या अंदाजपत्रकात फी हा एकच आकडा असतो. बस, पुस्तके, बूट, स्नेहसंमेलन धरा आणि मग आठवीपर्यंतचा हिशेब मांडा. निम्न फीच्या शाळांत शिक्षकांचा पगार इतका कमी असतो की दिवाळीनंतर वर्गशिक्षिका बदललेली दिसते. शाळेचा 11 अंकी युडायस क्रमांक (सरकारी नोंदीतला ओळख क्रमांक) मागा. त्यावरून शासनाच्या पोर्टलवर शाळेची मान्यता, पट, शिक्षकसंख्या आणि स्वच्छतागृहे पाहता येतात.

आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्यातून खासगी शाळांत दुर्बल आणि वंचित घटकांसाठी राखीव असलेल्या 25 टक्के मोफत जागांचा मार्ग बऱ्याच घरांना खुला असतो, पण अर्ज कागदांवर अडतो. आर्थिक दुर्बल घटकासाठी उत्पन्न 1 लाखापर्यंत; अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग आणि दिव्यांग अशा वंचित घटकांना उत्पन्नाची अट नाही. भाड्याने राहत असाल तर भाडेकरार दुय्यम निबंधकांकडे नोंदवलेला हवा, नोटरीचा चालत नाही. ऑनलाइन अर्जातल्या नकाशावर घराचा फुगा दुसऱ्या गल्लीत ठेवला तर सोडतीत लागलेला प्रवेश पडताळणीत रद्द होतो. दहा शाळांपर्यंत पर्याय देता येतात. लांबच्या शाळा भरताना रिक्षाचे रोजचे भाडे आठवा. राज्याकडून शाळांना मिळणारी या मुलांच्या फीची प्रतिपूर्ती थकत असल्याने काही शाळा पालकांकडून ‘इतर उपक्रम’ म्हणून पैसे मागतात. त्याची लेखी पावती मागितली की सूर बदलतो.

आरटीईची सवलत आठवीला संपते, नववीची पूर्ण फी अचानक समोर येते. शिवाय आठवीत होणाऱ्या, आर्थिक दुर्बल मुलांसाठीच्या एनएमएमएस परीक्षेची वर्षाला 12,000 रुपयांची शिष्यवृत्ती फक्त शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठी आहे. खासगी विनाअनुदानित शाळेत आरटीईतून शिकणाऱ्या गरीब मुलाला ती मिळत नाही. हुशार मुलाच्या बाबतीत हा फरक मोठा आहे.

ठरवण्याआधी शाळेत जा, पण प्रवेशाच्या दिवशी नको. ऑगस्टमधल्या एखाद्या बुधवारी दुपारी जा. शाळा व्यवस्थापन समितीत पालकच बहुसंख्य असतात, त्यांच्यापैकी कोणाला तरी मागच्या बैठकीत काय झाले ते विचारा. बैठकच आठवत नसेल तर समिती कागदावरच आहे. मूल दाखल केले की आधार नोंदणीतले नाव आणि जन्मतारीख शाळेच्या नोंदीशी जुळते का ते 30 सप्टेंबरआधी पाहून घ्या; न जुळलेले मूल पटात धरले न गेल्याने शाळेचे पद जाऊ शकते.

आणि निवड चुकलीच, तर अडकून पडू नका. फी थकली म्हणून खासगी शाळेने दाखला अडवला, तरी दाखल्याला उशीर झाला हे दुसऱ्या शाळेला प्रवेश नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही, असे शिक्षण हक्क कायद्याचे कलम 5 सांगते. मनपाच्या किंवा अनुदानित शाळेत त्या कलमाचा उल्लेख करून लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.