डूलिनहून बोटीने क्लिफ्स ऑफ मोहर: फोटोवाल्यांसाठी

आयर्लंडला क्लेअर काउंटीत जाताय आणि कॅमेरा सोबत आहे तर डूलिन गावच्या धक्क्यावरून बोट घ्याच, क्लिफ्स ऑफ मोहर म्हणजे समुद्रावरचे उंच कडे, ते वरून चालत बघितले तरी त्यांची खरी उंची कळतच नाही, 214 मीटरचा सरळसोट खडक डोक्यावर आला की मान दुखेपर्यंत वर बघत बसतो आपण. पण सकाळची फेरी नका घेऊ, कडे पश्चिमेकडे तोंड करून आहेत त्यामुळे दुपारपर्यंत सगळं सावलीत, दुपारनंतर ऊन पडलं की दगडाचे थर न् थर उठून दिसतात. ब्रॅनॉनमोर नावाचा 67 मीटरचा सुळका समुद्रातच उभा आहे, तिथे बोट हळू होते आणि गिलेमॉट पक्षी अगदी खेटून बसलेले दिसतात, पफिन (रंगीत चोचीचे समुद्रपक्षी) हवे असतील तर मे-जून. ट्रायपॉड नेऊच नका, बोट इतकी डुलते की शटर 1/1000 सेकंदापेक्षा वेगवानच ठेवा. लेन्स पुसायला दोन-तीन सुकी फडकी घ्या, खारं पाणी सारखं उडतं. आमच्या बोटीवर गर्दी जास्त होती, कठड्याजवळची जागा मिळवायला लवकर रांगेत लागा. पैसे शंभर टक्के वसूल!