अलार्म वाजल्यावर पलीकडे कोण असतं? नव्या घरासाठी घेतलेल्या सेवेचा अनुभव

घरफोडीचा अलार्म विकायला येणारा माणूस आधी कीपॅड दाखवतो, मग मोबाइलमधलं ॲप, आणि शेवटी सायरन वाजवून दाखवतो. आमच्या नव्या घरासाठी मी तीन कंपन्यांची माणसं बोलावली, तिघांचा क्रम हाच. मी तिघांनाही एकच विचारलं : रात्री तीन वाजता सिग्नल गेला तर तो कुणाच्या समोर उमटतो आणि ती व्यक्ती पहिल्या मिनिटात काय करते? एकाने पुन्हा ॲप उघडलं. दुसरा म्हणाला, "आमची टीम बघते." तिसऱ्या कंपनीची मुलगी म्हणाली, "मॅडम, तुम्ही कंट्रोल रूमच्या सुपरवायझरशीच बोला," आणि तिथल्या तिथे फोन लावून दिला. सेवा घेतली ती याच कंपनीची.

कंपन्यांची नावं लिहीत नाही. एकाच कंपनीचं काम बसवणाऱ्या माणसागणिक बदलतं, त्यामुळे नावापेक्षा मी काय तपासलं आणि काय मिळालं ते वाचणाऱ्याच्या जास्त कामाचं आहे.

मी रुग्णालयाच्या टेलिफोन बोर्डावर वर्षानुवर्षं रात्रपाळी केली आहे. आलेला फोन खरा तातडीचा की चुकून लागलेला, हे ओळखायला यंत्राची मदत होते, पण निर्णय खुर्चीवरच्या माणसाचा असतो. त्याच्यासमोर लिहून ठेवलेली पद्धत नसेल तर पहाटेच्या पेंगुळल्या वेळी तो जे सोपं असेल ते करून मोकळा होतो. नुसता भोंगा हवा असेल तर तो एकदाच विकत घ्यावा. दर महिन्याला पैसे भरायचे ते या जाग्या माणसासाठी. धंद्याची सुरुवातही अशीच झाली आहे. १८५३ साली अमेरिकेत ऑगस्टस पोप यांनी दार-खिडकी उघडताच घंटा वाजवणाऱ्या विजेच्या अलार्मचं पेटंट घेतलं. पुढे एडविन होम्स यांनी ते विकत घेऊन त्याचा व्यवसाय उभारला आणि नंतर गिऱ्हाइकांच्या तारा एका मध्यवर्ती कचेरीला जोडल्या. घंटा ऐकून शेजारी धावतीलच याचा भरवसा नव्हता, म्हणून कचेरी आली.

सुपरवायझरने न अडखळता सगळं सांगितलं. सिग्नल आला की पडद्यावर घर, झोन (म्हणजे घराचा कुठला भाग) आणि वेळ दिसते. ऑपरेटर आपण दिलेल्या यादीतल्या पहिल्या नंबरवर फोन करतो, परवलीचा शब्द विचारतो. उचलला नाही किंवा शब्द चुकला तर दुसरा नंबर. दारापाठोपाठ आतल्या हालचालीचा सेन्सरही लागला तर तो सिग्नल जास्त गंभीर धरतात आणि पोलिसांना कळवायला थांबत नाहीत. पॅनिक बटण दाबलं असेल तर घरी फोन करून विचारत बसत नाहीत. आणि एक वेगळा कोड असतो, कुणी धाक दाखवून अलार्म बंद करायला लावला तर टाकायचा. कीपॅडवर सगळं नेहमीसारखं बंद झालेलं दिसतं, पण कंट्रोल रूमला गुपचूप खबर जाते. "अशा वेळी घरातला फोन वाजवायचा नाही, हे आमच्या नव्या माणसाला पहिल्याच दिवशी शिकवतो," असं तो म्हणाला तेव्हा माझं मत जवळजवळ ठरलं.

दोन फोन करण्यात वेळ जातो, अशी माझ्या नवऱ्याची शंका होती. पण अलार्ममधले बहुतेक सिग्नल खोटे निघतात आणि अनेक ठिकाणी पोलीस वारंवार खोटा अलार्म देणाऱ्या घराला दंड लावतात किंवा खातरजमा झाल्याशिवाय गाडीच पाठवत नाहीत. एका मिनिटाची ती विचारपूस नसेल तर खऱ्या वेळी कुणी येणार नाही.

मी प्रमाणपत्राची प्रतही मागितली. कंट्रोल रूमसाठी वेगळी मानकं असतात, युरोपात ईएन ५०५१८ आणि अमेरिकेत यूएल ८२७. आपल्याकडे जे लागू असेल त्याचा कागद मागावा, त्यावर कंट्रोल रूमचा पत्ता आणि मुदत बघावी. कंपनी सेन्सर बसवते आणि मॉनिटरिंग, म्हणजे सिग्नलवर लक्ष ठेवण्याचं काम, दुसऱ्याच संस्थेकडे देते, असं सर्रास चालतं. त्यात वाईट काही नाही, फक्त आपला सिग्नल कुणाकडे जातो ते करारात लिहिलेलं असावं. एका कंपनीच्या विक्रेत्याला त्याची स्वतःची कंट्रोल रूम आहे की नाही हेच माहीत नव्हतं. त्यांना मी तिथेच नाही म्हटलं.

आता सिग्नलच्या मार्गाबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण विक्रीच्या गप्पांत हा विषय कुणी काढत नाही. घरातलं पॅनेल, म्हणजे सगळे सेन्सर ज्याला जोडलेले असतात तो मुख्य डबा, कंट्रोल रूमशी इंटरनेटने बोलतं, सिमकार्डने बोलतं किंवा दोन्हींनी. चोराने बाहेरची केबल कापली तर एकमार्गी अलार्म मुका होतो. मग प्रश्न उरतो की तो मुका झालाय हे कंट्रोल रूमला किती वेळात कळतं. पॅनेल ठरावीक वेळाने "मी आहे" असा सिग्नल पाठवत असतं. ईएन ५०१३६ या युरोपीय मानकात याच्या पायऱ्या ठरवल्या आहेत : एसपी २ या पायरीत मार्ग तुटल्याचं कळायला २५ तासांपर्यंत चालतात, एसपी ४ मध्ये ३ मिनिटं. दोन्ही पायऱ्यांना विक्रेता "चोवीस तास मॉनिटरिंग" असंच म्हणतो. किती मिनिटांनी कळतं, हा आकडा लेखी मागा. दोन कंपन्यांनी तो दिला नाही.

सगळं बसवून झाल्यावर मी तंत्रज्ञाला सांगितलं, "दादा, आता कुणाला न कळवता राउटर बंद करते." तो म्हणाला, "करा ना ताई, त्यासाठीच थांबलोय." प्लग काढला. कीपॅडवर पिवळा दिवा लागला, बाकी घर शांत. आमचा चहा संपायच्या आत मोबाइल वाजला. पलीकडे एक बाई, आवाज स्थिर, घाई नाही. आधी परवलीचा शब्द विचारला, मग म्हणाली, "तुमच्या घराचा इंटरनेटचा मार्ग तुटलेला दिसतोय. सिमवरून सिग्नल नीट येतोय. तुम्ही घरीच आहात ना? वीज गेली आहे का?" तिने लाइट गेली असेल असं गृहीत धरलं नाही, विचारलं. बोर्डावर बसलेल्या माणसाला या एका वाक्यावरून पलीकडचा माणूस तयार आहे की नाही ते कळतं. मग आम्ही घराचा मेन स्विचही पाडला. पॅनेल बॅटरीवर चालत राहिलं आणि तेही कंट्रोल रूमला दिसलं. सर्वसाधारण घराला लागणाऱ्या ग्रेड २ या सुरक्षेच्या पातळीसाठी युरोपीय मानक १२ तासांची बॅटरी मागतं. तुमच्याकडे वीज त्याहून जास्त वेळ जात असेल तर मोठी बॅटरी मागून घ्या.

सिमवाल्या पॅनेलबद्दल आणखी एक विचारायचं : मोबाइलचं तंत्रज्ञान बदललं तर आतला भाग कोण आणि कुणाच्या खर्चाने बदलणार? अमेरिकेत एटी अँड टी या मोबाइल कंपनीने २२ फेब्रुवारी २०२२ रोजी थ्रीजी बंद केलं, तेव्हा त्यावर चालणारी अलार्म पॅनेलं वेळेत बदलली नव्हती ती कंट्रोल रूमशी बोलेनाशी झाली. आमच्या करारात हा बदल कंपनीच्या खर्चाने आहे. मागितला म्हणून आला, छापील मसुद्यात नव्हता.

पॅनेल कुठे लावायचं यावरून दुसऱ्या कंपनीच्या माणसाशी माझा वाद झाला होता. त्याला ते मुख्य दाराजवळ हवं होतं, वायरिंग सोपं जातं म्हणून. पण मुख्य दार उघडल्यावर कोड टाकायला जो अर्धा-पाऊण मिनिट मिळतो, त्यात चोर आत शिरून पॅनेलच फोडून टाकू शकतो. निवडलेल्या कंपनीने दाराशी फक्त कीपॅड लावला आणि पॅनेल आतल्या कपाटात, ज्याच्या वाटेवर हालचालीचा सेन्सर आहे. शिवाय दार उघडताच पॅनेल एक आगाऊ सिग्नल पाठवतं. त्यानंतर कोड टाकल्याची खबर आली नाही आणि पॅनेलही गप्प झालं तर कंट्रोल रूम त्याला चोरीचाच अलार्म समजते. प्रत्येक कंपनीकडे ही सोय असतेच असं नाही, विचारून घ्या.

सेन्सरच्या बाबतीत या तंत्रज्ञाला पैकीच्या पैकी. त्याने पिशवी उघडायच्या आधी घरभर फिरून प्रश्न विचारले. रात्री कोण उठतं? सासूबाई पाणी प्यायला उठतात, तेव्हा त्यांच्या खोलीपासून स्वयंपाकघरापर्यंतचा पट्टा रात्रीच्या मोडमध्ये वगळला. दारं-खिडक्यांचे चुंबकी सेन्सर मात्र रात्रीही चालू. मग त्याने विचारलं, "मांजर कुठे कुठे चढतं?" पाळीव प्राण्यांना सोडून देणारे सेन्सर प्राणी जमिनीवर आहे असं धरून चालतात. मांजर सेन्सरसमोरच्या फडताळावर चढलं की त्याला ते माणसाएवढंच वाटू शकतं. फडताळाकडे तोंड असलेली जागा सोडून त्याने दुसरा कोपरा धरला. हालचालीचा सेन्सर शरीराची उष्णता सरकताना पकडतो, आणि माणूस त्याच्या दिशेने सरळ चालत आला त्यापेक्षा आडवा गेला तर लवकर पकडतो. म्हणून दाराकडे रोखून न लावता दारातून आलेला माणूस आडवा जाईल असा लावला. दुपारचं ऊन येतं त्या खिडकीकडेही तोंड केलं नाही. काचेपलीकडचं या सेन्सरला दिसत नाही, हेही त्यानेच सांगितलं. गॅलरीच्या मोठ्या काचेसाठी काच फुटल्याचा आवाज ओळखणारा वेगळा सेन्सर लावला. शेवटी सगळ्यांना घरभर चालायला लावून एकेक सेन्सर तपासला, सासूबाईंनाही.

करार मी दोनदा वाचला. पहिल्या कंपनीचा करार अनेक वर्षांचा, सामान भाड्याचं, आणि लेखी नोटीस दिली नाही तर आपोआप पुढे वाढणारा. त्याहून वाईट म्हणजे पॅनेलची मांडणी बदलायला लागणारा इन्स्टॉलर कोड त्यांच्याकडेच कुलूपबंद राहणार होता. म्हणजे सेवा सोडली तर पॅनेल दुसऱ्या कुणालाही जोडता येणार नाही. आमच्या करारात सामान आमचं आहे आणि सेवा संपल्यावर पॅनेल खुलं करून देण्याचं कलम आहे. नुकसानभरपाईचं कलम मात्र तिन्हींचं सारखंच : चोरी झाली तर कंपनीची जबाबदारी एका छोट्या रकमेपुरती. ते बदलायला कुणी तयार झालं नाही. म्हणून विमा वेगळा हवाच, आणि विमा कंपनी कुठल्या ग्रेडचा अलार्म मान्य करते ते अलार्म घ्यायच्या आधी विचारावं.

चाचणीचा नसलेला सिग्नल एकदा आला. आम्ही बाहेरगावी होतो. ऑपरेटरने सांगितलं, "मागच्या दाराचा सेन्सर लागला, मिनिटभरात दार बंद झाल्याचाही सिग्नल आला. आतली हालचाल नाही. तुमच्या यादीतल्या शेजाऱ्यांना कळवू का?" शेजारच्या काकांनी जाऊन बघितलं, तर जुनाट खटका वाऱ्याने सुटत होता. आमच्या जिवाचा थरकाप त्या सविस्तर सांगण्यामुळेच आवरला. "अलार्म वाजलाय" एवढंच ऐकलं असतं तर रात्रभर गाडी हाकत निघालो असतो.

उणिवाही आहेत. दिवसाची ग्राहकसेवा रात्रीच्या कंट्रोल रूमच्या जवळपासही नाही. बिलाचा साधा प्रश्न असला तरी रेकॉर्ड केलेल्या आवाजांतून बराच वेळ फिरावं लागतं. ॲप उघडायला रेंगाळतं. हे मी चालवून घेते. पण एक दोष गंभीर आहे. यादीतल्या माझ्या बहिणीचा नंबर बदलला, मी तो ॲपमध्ये दुरुस्त केला आणि ॲपने "नोंद झाली" असंही दाखवलं. पुढच्या महिन्याच्या चाचणीत ऑपरेटरला यादी वाचायला सांगितली, तर तिच्या पडद्यावर जुनाच नंबर. म्हणजे दोन नोंदी वेगवेगळ्या आहेत आणि एकीतला बदल दुसरीत वेळेवर पोचत नाही. मी लेखी तक्रार केली. सुपरवायझरने दोष मान्य केला आणि काम चालू असल्याचं कळवलं, पण हे लिहीपर्यंत तो दुरुस्त झालेला नाही. तोवर ही सेवा घेणाऱ्याने नंबरांतला कुठलाही बदल ॲपवर न सोडता कंट्रोल रूमला फोन करून सांगावा, आणि फोन ठेवायच्या आधी ऑपरेटरकडून सगळे नंबर एकेक आकड्याने परत वाचून घ्यावेत.