चाय अँड व्हाय: प्रश्न घेऊन जा, वही नको

माझं माटुंग्याला पोळीभाजी केंद्र आहे. विज्ञान दहावीला सोडलं ते सोडलंच. कुलाब्याच्या टीआयएफआर या विज्ञान संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ रविवारी रुपारेल कॉलेजात येऊन साध्या माणसांशी बोलतात, हे एका गिऱ्हाइकाने सांगितलं तेव्हा वाटलं, आपलं काय काम तिथे? आता मात्र तिसऱ्या रविवारी कणीक मावशींच्या हवाली करते आणि निघते.

‘चाय अँड व्हाय’ हा त्यांचा उपक्रम २००९ पासून चालू आहे. प्रवेश फुकट. जुहूला पृथ्वी थिएटरमध्येही होतो, सहसा पहिल्या रविवारी. तिथे कॅफेतली सुलेमानी चाय वेगळी घ्यायची. मला रुपारेल बरं पडतं.

माझा प्रश्न तव्याचा होता. घावनासाठी बिडाचा तवा तापला की नाही हे मी पाण्याचा शिपका मारून बघते. कमी तापलेल्या तव्यावर थेंब चुर्र करून विरतो. जास्त तापला तर तोच थेंब गोळी होऊन टुणटुण पळतो, आणि टिकतोही जास्त वेळ. जास्त आचेवर आधी आटायला हवा ना? प्रश्न ऐकून समोरच्या शास्त्रज्ञ बाई हसल्या नाहीत, ‘तवा कसला वापरता?’ असं उलट विचारलं. तिथेच त्यांना माझे पूर्ण गुण.

उत्तर असं: तवा दोनशे अंशांच्या आसपास गेला की थेंब टेकण्याआधीच त्याच्या खालच्या बाजूची वाफ होते. त्या वाफेच्या पातळ थरावर थेंब तरंगतो आणि तव्याची उष्णता त्याच्यापर्यंत सावकाश पोचते. लायडेनफ्रॉस्ट नावाच्या जर्मन डॉक्टराने तापून लाल झालेल्या लोखंडी चमच्यात थेंब टाकून हे १७५६ मध्ये लिहून ठेवलंय. मग बाईंनी उणे १९६ अंशांचा द्रव नायट्रोजन फरशीवर थोडा ओतला. थेंब तसेच सैरावैरा! त्या नायट्रोजनला आपली साधी फरशीच तापलेला तवा. हे नुसतं सांगून मला पटलं नसतं.

तेव्हापासून थेंब नाचला की मी आधी गॅस बारीक करते आणि मगच पीठ घालते. घावन मधोमध करपायचं थांबलंय.

मुलं आणली तर तेही उत्तम. एका मुलीने विचारलं, जांभळा प्रकाश निळ्यापेक्षा जास्त विखुरतो, तर आकाश जांभळं का नाही? सूर्यप्रकाशात जांभळा कमी असतो आणि आपल्या डोळ्यांनाही तो कमी जाणवतो, एवढं दोन वाक्यांत सांगून झालं. पण ज्या आया वही-पेन घेऊन ‘लिहून घे, परीक्षेला येईल’ करतात, त्यांनी पोराला क्लासलाच पाठवावं. इथे धडा संपवायची घाई कुणाला नसते.

खटकतात ते प्रेक्षकांतले काही काका. माइक हातात आला की प्रश्न राहतो बाजूला आणि आपल्या पूर्वजांना सगळं कसं ठाऊक होतं यावर भाषण सुरू. तेवढ्यात चार पोरांचे प्रश्न झाले असते. कृष्णविवरांच्या विषयाला माझं फारसं मन लागत नाही, स्वयंपाकघराजवळचं काही असलं की आवर्जून जाते.

वेळ सकाळी अकराची असते, तरी निघण्याआधी विषय आणि जागा एकदा बघून घ्या. माटुंगा रोडला पश्चिमेला उतरा, तिथून चालत जाता येतं. आणि पुढे बसा, प्रयोग मागून दिसत नाहीत.