डब्याची खूण की पिनकोड?

पिनकोड 15 ऑगस्ट 1972 रोजी सुरू झाला. त्याचा अर्थ कागदावरच ठरलेला: 400001 मधला 4 म्हणजे पश्चिम विभाग, 400 म्हणजे मुंबई, शेवटचे तीन अंक टपाल कार्यालयाचे. यादी हाती असली की परगावचा नवखाही टपाल वेगळं करतो. मात्र एक अंक चुकला की पत्र भलत्याच कार्यालयात जाऊ शकतं.

मुंबईचे डबेवाले घरून ऑफिसात पोचवतात त्या जेवणाच्या डब्याच्या झाकणावर रंगानं चारदोन अक्षरं-आकडे असतात: कुठल्या स्टेशनवरून निघाला, कुठे उतरवायचा, कोणती इमारत, कितवा मजला. घराचा पत्ता? तो बहुधा नसतोच. डबा उचलणाऱ्याला दार पाठ असतं, मग लिहायचं कशाला! खूण वाचतो तो पुढचा गडी, आणि त्यालाही फक्त आपल्या टप्प्यापुरतंच कळावं लागतं. हा अर्थ रोज स्टेशनवर डबे लावता लावता पक्का झालेला.

म्हणूनच बदली माणूस आला की अडतं. काही काळ जुन्याबरोबर फिरल्याशिवाय तो तयार होत नाही. रंग उडाला किंवा घरून दुसरा डबा आला, तरी घोळ.

अनोळखी माणसांत पिनकोडच हवा. पण तीच माणसं रोज तीच फेरी करत असतील, तर खूण उजवी.